जावक नंबराशिवाय मेल जात नाही

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी न मागता साठतात. एक, लोकांनी दान दिलेले जुने चष्मे. दुसरे, किस्से. चष्म्यांचं काय करायचं ते ठरलेलं आहे: काच काढायची, फ्रेम धुवायची, नवा नंबर बसवायचा. किश्शांचं काहीच ठरलेलं नाही, म्हणून ते माझ्याकडे पडून राहतात आणि चहाला कोणी आलं की मी त्यातला एक काढते. आज तुम्ही नीट मांडी घालून बसलाच आहात, तर सगळेच काढते.

आधी माणसं सांगते. आमची संस्था बालाघाटची, लहानशी. एक गाडी आहे, तिच्यात डोळे तपासायचं सामान. ती लामता, लालबर्रा, तिरोडी अशी गावोगाव फिरते आणि म्हाताऱ्या माणसांना चष्मे देते. गाडी चालवते सुनीता मेश्राम आणि डोळे तपासतेही तीच. अध्यक्ष मोहगावकर काका. ते सरकारी ऑफिसातून बडे बाबू म्हणून रिटायर झाले. अख्ख्या नोकरीत त्यांना हिरव्या शाईने सही करायचा अधिकार नव्हता. संस्थेचे अध्यक्ष झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरवा पेन घेतला. तिसरी मी, वैशाली. मला टायपिंग येतं, एवढ्यावरून मी संस्थेची 'कम्युनिकेशन हेड' आहे.

गाडीचा खर्च मुंबईची एक कंपनी करायची. तिने कळवलं की आता त्यांचं लक्ष झाडांकडे वळलं आहे. मग उरले आमचे ओळखीपाळखीचे लोक. त्यातले काही इथलेच, बाकीचे नागपूर, रायपूर, इंदूर, पुण्याला पांगलेले. असे तीनशेएक ई-मेल पत्ते आमच्याकडे होते. त्यांना मेल पाठवायचे, त्यांनी दरमहा थोडा हातभार लावायचा आणि गाडी चालू राहायची, असा बेत. मार्चअखेरपर्यंत पुरेशी नावं जमली नाहीत तर गाडी उभी करायची, असं मीटिंगमध्ये ठरलं.

सुनीताला नागपूरच्या एका चष्म्याच्या दुकानात नोकरी तयार होती. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, "गाडी चालली तर मी आहोच इथं. नाही तर एक तारखेले मले नागपूरले रुजू होणं आहे. घरी आई आहे, बहिणीचं कॉलेज आहे." मला ती जायला नको होती. पण तिला थांब म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं.

संस्थांनी मेल कसे लिहावेत हे शिकवायला पुण्याच्या तनुश्री मॅडम दर आठवड्याला ऑनलाइन यायच्या, तेही फुकट. त्यांच्या सहनशक्तीला हात जोडून सुरू करते.

*

पहिला मेल मी छान लिहिला, दोनदा वाचला आणि 'सेंड' दाबणार तेवढ्यात मागून काका म्हणाले, "जावक नंबर?"

"काका, मेलले नंबर नसते."

"पत्र आहे ना? ऑफिसच्या बाहेर जाऊन राह्यलं ना? मंग नंबर पाहिजे. उद्या कोणी पुसलं का हे पत्र कवा गेलं, तं काय दाखवशीन?"

तेव्हा मेल प्रिंट केला. काकांनी हिरवी सही केली. त्यावर गोल शिक्का मारला. जावक रजिस्टरात नोंद झाली. मग तो कागद स्कॅन करून मेलला जोडला आणि वर काकांनी सांगितलेली एकच ओळ टाइप केली: 'उपरोक्त विषयांतर्गत संलग्न पत्राचे अवलोकन व्हावे.' स्कॅन आडवा आला होता. रायपूरहून एकांनी उत्तर पाठवलं: 'मी मोबाईल फिरवला की पत्रही फिरतं, कसं वाचू?' काकांनी त्या उत्तराला आवक नंबर दिला.

मॅडमनी समजावलं, "मेल उघडल्यावर पहिल्यांदा माणूस दिसला पाहिजे. चेहरा बघून लोक पुढे वाचतात." काकांना हे एकदम पटलं. पुढच्या मेलवर उजव्या कोपऱ्यात त्यांचा पासपोर्ट साइजचा फोटो होता, अर्धी सही फोटोवर आणि अर्धी कागदावर.

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, "काका, मला चष्मा मिळालेली एखादी आजी हवी होती."

"आजीचा फोटो लावू ना. पण तिले प्रमाणित कोण करणार?"

*

मॅडमनी मग एक सॉफ्टवेअर दिलं. मेल कोणी उघडला, किती वेळा उघडला, सगळं त्यात दिसतं. आमचा त्यानंतरचा मेल गेला आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळ्यांनी उघडला. मॅडमचा विश्वास बसेना. असं कुठेच होत नाही म्हणाल्या. त्यांनी वीसेक संस्थांची ऑनलाइन बैठक बोलावली आणि आम्हाला अनुभव सांगायला उभं केलं. काका लग्नातला कोट घालून आले होते.

"काका, तुमची स्ट्रॅटेजी काय होती?"

"फोन," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"मेल गेला का मी फोन लावतो. यादीनं. 'मेल धाडला आहे, पाहून घ्या.' मंग फोन धरून बसतो. त्यायनं उघडला का ठेवतो."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पण मेल याचसाठी असतो ना काका, की प्रत्येकाला फोन करावा लागू नये?"

"मॅडम, लग्नाची पत्रिका नुसती पोस्टानं धाडली तर येते का कोणी? घरी जाऊन हातात द्या लागते."

मला वाटलं, गेली आपली अब्रू. तेवढ्यात खाली चॅटमध्ये एक ओळ आली: 'आम्हीही असंच करतो.' मग दुसरी आली, तिसरी आली. मॅडम वाचत होत्या आणि पाणी पीत होत्या.

*

पुढचा धडा असा होता की यादीचे दोन भाग करायचे, दोघांना वेगवेगळा विषय देऊन मेल पाठवायचा आणि कोणता जास्त उघडला जातो ते पाहायचं. काकांचा याला विरोध होता. एकाच प्रकरणात दोन विषय म्हणजे चौकशीला आमंत्रण, असं त्यांचं मत. शेवटी तडजोड झाली. अर्ध्यांना काकांचा विषय गेला: 'नेत्र तपासणी वाहनास सहकार्य करणेबाबत.' अर्ध्यांना माझा: 'लामत्याच्या आजीने पहिल्यांदा सून पाहिली.'

लालबर्र्याला दोघे भाऊ आहेत, राइस मिलवाले. एकाच घरात राहतात, मध्ये भिंत घातलेली, आणि कित्येक वर्षांत एकमेकांशी बोललेले नाहीत. सॉफ्टवेअरला भिंत काय माहीत? त्याने थोरल्याला सहकार्य पाठवलं आणि धाकट्याला सून.

धाकट्याने आजीची गोष्ट मिलमध्ये सगळ्यांना सांगितली. ती थोरल्याच्या कानावर गेली. आपल्याला तर अशी काही गोष्ट आली नाही! खात्री करायची तर धाकट्याचा फोन पाहावा लागणार, आणि फोन पाहायचा तर त्याच्याशी बोलावं लागणार. थोरला भिंतीला वळसा घालून गेला. दुपारी दोघे एकाच मोटरसायकलवर आमच्या ऑफिसात हजर.

थोरला म्हणाला, "त्याले सुनेची कहाणी अना मले सहकार्य करणेबाबत? काहून? मी मोठा नाही का घरात?"

धाकटा म्हणाला, "उलटं आहे जी. दादाले बाकायदा लेटर अना मले लहान लेकरावानी कहाणी सांगून बसवलं."

काकांनी रजिस्टर उघडून 'संयुक्त तक्रार' अशी नोंद केली, दोघांना एकमेकांच्या पत्राची प्रत दिली आणि मिळाल्याची सही घेतली. जाताना गाडी कोणी चालवायची यावर फाटकात थोडा वाद झाला, पण गेले ते सोबतच.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "मग कोणता विषय जिंकला?"

"दोघंही एकाच गाडीवर गेले," काका म्हणाले.

*

आता नाव काढून घेण्याचं सांगते. मेलच्या तळाशी 'अनसबस्क्राइब' नावाचं बटण असतं. ज्याला आपले मेल नको असतील त्याने ते दाबायचं, आपण मुकाट्याने त्याचं नाव काढायचं आणि पुढे चालायचं, असं मॅडम म्हणतात. काकांच्या लेखी मात्र बटण दाबणारा म्हणजे रुसलेला सोयरा. त्याच्या घरी गेलंच पाहिजे.

पहिलं बटण दाबलं कर्णेवार बाईंनी. रिटायर्ड शिक्षिका, इथेच गावात राहतात. काकांनी अर्धा किलो पेढे घेतले, सुनीताने गाडी काढली, मी मागे बसले. बाईंनी दार उघडल्याबरोबर काका म्हणाले, "बाई, काही चुकलं का आमचं?"

बाई गोंधळल्या. "कशात हो?"

अक्षरं दिसत नव्हती म्हणून त्या बोटांनी मेल मोठा करत होत्या आणि त्यात ते बटण दाबलं गेलं होतं. सुनीताने तिथेच त्यांचे डोळे तपासले. नंबर केवढा तरी वाढला होता. आठ दिवसांत तिने नवा चष्मा करून दिला आणि मी बाईंचं नाव पुन्हा यादीत घातलं.

महिन्याभराने बाईंनी पुन्हा बटण दाबलं. आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पोहे आधीच करून झाकून ठेवलेले होते, चार बशाही काढलेल्या.

"बाई, आता तर तुमाले साफ दिसते. मंग नाव काहून काढलं?" सुनीताने विचारलं.

"चुकून गं," बाई म्हणाल्या आणि लिंबू चिरायला आत गेल्या.

मग पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मॅडमनी रिपोर्ट पाहून विचारलं, "ही एक व्यक्ती चार वेळा बाहेर पडून चार वेळा परत आली आहे. काही टेक्निकल प्रॉब्लेम आहे का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. त्या एकट्या राहतात."

*

मार्च लागला. यादीत दरमहा हातभार लावणारी नावं जेमतेम डझनभर. एक दिवस मॅडम उत्साहाने म्हणाल्या, "तुमच्याकडे एक फार मोठा चाहता आहे. तिरोडीचा एक पत्ता प्रत्येक मेल चाळीस चाळीस वेळा उघडतो. असा माणूस सोडू नका. प्रत्यक्ष भेटा."

तिरोडी म्हणजे मॅंगनीजची खाण. काकांनी लगेच निष्कर्ष काढला की हा कोणीतरी खाणमालक असणार, म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांमुळे हळवा झालेला. पुन्हा कोट निघाला. गुरुवारी सुनीताच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो.

तो पत्ता निघाला एका दुकानाचा. झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म. दुकानदार मनोज, चाळिशीचा, कानावर पेन. बाहेरच्या बाकावर खाणीतून रिटायर झालेली पाच-सहा म्हातारी माणसं बसलेली, आणि मनोज कॉम्प्युटरवरून आमचा मेल त्यांतल्या एकाला मोठ्याने वाचून दाखवत होता.

झालं होतं असं. मागे सुनीता तिरोडीला नावं नोंदवायला गेली होती. तिच्या रजिस्टरात ई-मेलचा कॉलम होता आणि काकांची सक्त ताकीद होती की कॉलम रिकामा राहता कामा नये. चाळीस म्हाताऱ्यांची चाळीस नावं, मेल एकाकडेही नाही. सगळ्यांनी मनोजच्या दुकानाचा पत्ता दिला, यादीत तो एकदाच चढला आणि कोणाचा ते आम्ही सगळेच विसरलो. तेव्हापासून मेल आला की चाळीसही जण आपापल्या सवडीने यायचे आणि वाचून घ्यायचे. घोळक्यात एकदा ऐकून चालायचं नाही. पत्र ज्याच्या त्याच्या नावाचं!

बाकावरचे फागूजी बोरकर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीच लिवता का हो बाई? मंग त्या लामत्याच्या बुढीचं पुढं काय झालं ते लिवा ना. सून पाह्यली, इथवर आलं. पटली का तिले?"

मी म्हटलं लिहीन. मनोजचं वाचन पुढे चालू झालं. वाचता वाचता तो आपल्या पदरचंही घालत होता, लामत्याच्या आजीला त्याने एक म्हैस दिली होती. पण मेलचा शेवटचा परिच्छेद त्याने वाचलाच नाही. त्यात गाडी बंद पडणार असल्याचं आणि मदत करण्याचं लिहिलेलं होतं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"तो भाग राहू द्या ताई," तो हळूच म्हणाला.

मला वाटलं, गरीब माणसांपुढे मदतीचं वाचायला त्याला संकोच वाटत असेल.

मनोजने बाकीच्यांनाही बोलावून घेतलं आणि सुनीताने त्या दिवशी चाळीसही जणांचे डोळे तपासले. फागूजींच्या नंबराचा एक चष्मा पेटीत तयार निघाला, तो त्यांना तिथेच मिळाला. बाकीच्यांना ती म्हणाली, "एकोणचाळीस चष्मे बनवा लागतीन. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी आणून देते." बोलली आणि थबकली. एप्रिलमध्ये गाडी नव्हती आणि तीही नव्हती. म्हाताऱ्यांनी मात्र माना डोलावल्या.

*

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले ते ठरवूनच. म्हणाले, "प्रेमानं सांगून पाह्यलं. फोन करून पाह्यलं. आता नियमानं जाऊ."

ज्यांनी सलग तीन मेल उघडले नव्हते आणि जे फोनही उचलत नव्हते, अशा अकरा जणांना काकांनी 'कारणे दाखवा' नोटीस काढली. मसुदा त्यांचाच: 'आपणांस दिनांकित तीन पत्रे पाठविण्यात आली असता आपण ती उघडल्याचे दिसून येत नाही. सबब, आपले नाव उदासीन सदस्यांत का धरू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

काकांचं म्हणणं, नोटीस सॉफ्टवेअरने पाठवायची नसते. ती ऑफिसच्या साध्या खात्यावरून गेली. वर त्या अकरा जणांची नावं आणि खाली 'प्रतिलिपी सूचनार्थ' म्हणून यादीतले सगळेच्या सगळे तीनशे पत्ते, उघडे, सगळ्यांना दिसतील असे. कोणी उत्तर दिलं तर तेही सगळ्यांना जाणार. मी घाबरून मॅडमना फोन लावला.

"काका, निदान एकमेकांचे पत्ते तरी लपवा. गुप्त प्रत पाठवायची सोय असते."

"गुपचूप प्रत? मॅडम, ती तर चुगली झाली. ज्याच्यावर कारवाई त्याले कळलं पाहिजे का कोणाकोणाले कळवलं."

मॅडम म्हणाल्या की त्यांचं डोकं दुखतंय.

मला वाटलं आता संस्थेला टाळंच लागणार. पण नोकरी केलेल्या माणसाच्या अंगात नोटीस किती खोल मुरलेली असते, याची मला कल्पना नव्हती. इंदूरच्या डॉक्टरांनी स्वतःच्याच दवाखान्याचं मेडिकल सर्टिफिकेट जोडून खुलासा पाठवला. पुण्याच्या एका इंजिनियरने तीन मेलपुरती किरकोळ रजा मागितली. एकाने मात्र चिडून लिहिलं: 'मला नोटीस देणारे तुम्ही कोण?' काकांनी त्यावर हिरव्या शाईत शेरा मारला: 'भाषा उद्धट, परंतु उत्तर मुदतीत.'

करमणूक झाली, पण गाडीसाठी नाव काही वाढलं नाही. सत्तावीस तारखेला सुनीताने पेटी आवरली. एकोणचाळीस जणांचे नंबर एका वहीत स्वच्छ अक्षरात उतरवले आणि वही माझ्यापुढे ठेवली. "कोणी जाणारं भेटलं तर चष्मे धाडून द्या," म्हणाली. मी वही ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर उगाचच दोनदा उघडून पाहिला.

*

आता शेवटचा.

अठ्ठावीसला सकाळी मनोजच्या दुकानाच्या पत्त्यावरून मेल आला. त्यात हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो होता, आणि मनोजने तो नोटिशीला उत्तर म्हणून सगळ्यांनाच पाठवला होता. म्हणजे तीनशे जणांना. तिरोडीला नोटीस मुळात नव्हतीच, नुसती माहितीसाठी प्रत गेली होती. पण खाणीत जन्म काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? कागदाच्या खाली सही होती, फागू बोरकर. कागद माझ्याकडे आहे, जसाच्या तसा वाचते:

'सायेब, तुमची नोटीस भेटली. मी खदानीत होतो, नोटीसचं उत्तर तीन दिवसात द्या लागते हे मले माहीत हाय. खुलासा असा का पत्र मनोज उघडते अना मी आयकतो. मले दिसत नव्हतं. तुमच्या बाईनं चष्मा लावून देल्ला तवापासून तुमचे सगळे जुने पत्र मी मनोजच्या मशीनवर सोता वाचले. बुढीले म्हैस नाही, ते मनोजनं आपल्या मनानं सांगतलं. अना हरेक पत्राच्या खाली लिवलं हाय का गाडी बंद होऊन राह्यली. ते त्यानं आमाले कधीच वाचून नाही दाखवलं. मी त्याले पुसलं काहून, तं म्हणे, तुम्ही सगळे गाडीसाठी रोज कॅलेंडर पाहून राह्यले होते, मले सांगणं नाही जमलं. आता मले माहीत हाय अना मनोजले माहीत हाय, बाकीच्यायले नाही. एकोणचाळीस लोक हायेत. ते बी तुमच्या कागदात उदासीन असतीन. त्यायले बी नोटीस द्या, पण चष्मे आल्यावर द्या.'

काकांनी वाचलं. आवक नंबर टाकला आणि कागद पेपरवेटखाली ठेवला. नेहमीसारखा शेरा नाही मारला.

दुपारी एक खुलासा आला. रायपूरहून, ज्यांचं पत्र फिरत होतं त्यांचा. मग नागपूरचा. मग लालबर्र्याहून एक, दोघा भावांच्या सहीचा. ज्यांना नोटीस गेलीच नव्हती तेही खुलासे पाठवत होते. 'मी मेल उघडले होते, पण शेवटपर्यंत वाचले नाहीत, त्याबाबत.' 'शेवटपर्यंत वाचले, पण नंतर पाहू म्हणून ठेवले, त्याबाबत.' जो चिडला होता त्याने एकच ओळ लिहिली: 'माझी भाषा चुकली.' कर्णेवार बाईंनी लिहिलं की आपण चारही वेळा बटण मुद्दाम दाबलं होतं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खाली तेच वाक्य, गाडी थांबवू नका, माझं नाव दरमहा लिहा. दोन दिवस प्रिंटर थांबला नाही. एकतीस तारखेच्या सकाळी नावं पुरून उरली.

मॅडमचा फोन आला. आवाज वेगळाच लागत होता. "काका, ही कॅम्पेन कोणी डिझाइन केली?"

"आवक-जावक विभागानं," काका म्हणाले.

त्या दुपारी ते एकेक खुलासा घेऊन हिरव्या पेनाने शेरा मारत बसले होते. 'समाधानकारक.' 'समाधानकारक.' 'समाधानकारक, पोहे उत्तम.' गठ्ठ्याच्या तळाशी एक कागद मेलवरून आलेला नव्हता. तो कोणीतरी आवकच्या ट्रेमध्ये हाताने ठेवला होता. अक्षर त्या एकोणचाळीस नंबरांच्या वहीतलं.

'विषय: उद्या नागपूरले रुजू न होण्याबाबत. खुलासा: दुकानवाल्यायले नाही म्हणून कळवलं. कारण लिहिता येत नाही. सुनीता मेश्राम.'

काकांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पेनाचं टोपण उघडून शांतपणे लिहिलं:

'खुलासा समाधानकारक नाही. गुरुवारी तिरोडी येथे एकोणचाळीस चष्म्यांसह प्रत्यक्ष हजर राहून सादर करावा.'